दोनटेप्यांच्या कारखान्यातला पाइप

मिस्त्रींचं खरं आडनाव काय, ते फक्त टपाल टाकणाऱ्याला माहीत. गल्लीत सगळे त्यांना दोनटेपे म्हणायचे, कारण त्यांच्या उजव्या खिशात पिवळा टेप असायचा आणि डाव्या खिशात निळा. फळी आधी पिवळ्यानं मोजायची, मग निळ्यानं. दोघांचं जुळलं नाही तर मिस्त्री टेप बनवणाऱ्याच्या नावानं शंख करायचे. आणि जुळलं तर जास्तच घाबरायचे. "दोन्ही एकाच दुकानातून घेतलेत. आतून संगनमत असणार," असं पुटपुटत ते भिंतीवरची, त्यांच्या उस्तादांनी दिलेली लाकडी फूटपट्टी काढायचे. ती देईल तो निकाल शेवटचा. तोही संध्याकाळपर्यंतच.

इतरांच्या मनात कधीमधी पाल चुकचुकते. मिस्त्रींच्या मनात ती सहकुटुंब राहायला होती. शंभर स्क्रूचा डबा आला की ते तो फळीवर ओतून मोजायचे. एकदा एकशे तीन निघाले. दुसरा कोणी गप्प बसला असता. मिस्त्री तडक दुकानात. "तीन जास्त का दिले? काय काम आहे तुमचं माझ्याकडे?" घरी चहा जरा गोड लागला की बायकोकडे तिरकं बघून विचारायचे, "काय मागायचंय?" बायको म्हणायची, "मागायचं काही नाही, चमचा घसरला." त्यावर मिस्त्री चमचा उजेडात धरून बघायचे.

फक्त एका माणसाचं माप त्यांनी कधी पुन्हा घेतलं नव्हतं. मुलीचं. आठ वर्षं ती त्यांच्यासोबत कारखान्यात उभी होती. ती टेप लावून ओरडायची, "बाबा, तीन फूट, सात इंच, दोन सूत!" आणि मिस्त्री सरळ करवत चालू करायचे. ना पिवळा, ना निळा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. सांगितलं तर ती फायदा घेईल, असा त्यांना संशय होता.

कारखाना म्हणजे अठरा बाय बावीस फुटांची एक खोली. पुढचं दार रस्त्यावर, मागचं दार परसात, एक खिडकी, चार मशीनं. रंधा मशीन भसाड्या गळ्याचं, भॉऽऽ करून फळी गिळायचं आणि पाठीमागून ढलप्यांचा ढीग ओकायचं. करवत किंचाळायची. पट्टीकरवत जरा घरंदाज, झूंऽऽ करत नाकातल्या नाकात गुणगुणायची. आणि घासायचं मशीन, ते सगळ्यात हळू बोलायचं आणि सगळ्यात बारीक धूळ उडवायचं. दुपारी खिडकीतून ऊन आलं की त्या उन्हाची अशी जाड तुळई तयार व्हायची, की तिच्यावर कपडे वाळत घालावेत.

त्या तुळईखाली आठ वर्षं उभी राहिल्यावर मुलगी खोकायला लागली. आधी सकाळी, मग जिना चढताना, मग हसताना. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर नाकात बोलायचे, मिस्त्री घरी येऊन त्यांची नक्कल करून दाखवायचे: "सहाँ आठवडे कारखान्याँची पायरी चढायची नाँही. आणि नंतरही, मशीनच्याँ तोंडाशीच धूळ ओढून घेतलीत तरच." बायको हसली, मुलगी हसली, आणि हसता हसता खोकली.

"या डॉक्टरचा मेहुणा पाइप विकत असणार," मिस्त्री म्हणाले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "स्पष्ट सांगते. धूळ गेली तर मी येते. नाही गेली तर एका ऑफिसात नकाशे काढायचं काम आहे, तिकडे जाते. सहा आठवडे थांबायला तयार आहेत ते."

ती गेली तर कारखाना चालणार नव्हता, हे मिस्त्रींना दोन्ही टेपांनी मोजल्यासारखं पक्कं ठाऊक होतं. दार एकट्यानं होत नाही. एक टोक कुणीतरी धरावं लागतं, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती टोक द्यायचं म्हणजे दिवसभर त्या हातावर डोळे ठेवायचे. मग कापणार कोण? पण पुढच्याच क्षणी मनातली पाल जागी झाली. सहा आठवडे डॉक्टरही म्हणाला आणि ऑफिसवालेही सहाच आठवडे थांबणार? माप फारच चोख जुळतंय. पोरीला जायचंच असेल, आणि खोकला हे निमित्त असेल तर?

मग त्यांनी खोकल्यावर पाळत ठेवली. आपण खोलीत शिरलो की खोकते का? शिरलो नाही की थांबते का? एका दुपारी तिच्या दाराला कान लावून उभे राहिले. आत अगदी सामसूम. "बघ!" ते बायकोला कुजबुजले. "मी नसलो की एकदम ठणठणीत!" बायकोनं दार ढकललं. मुलगी झोपली होती.

तरी धूळ तर घालवायला हवीच होती. नाहीतर तिला आयतं कारण मिळायचं. पाइपाचं काम करणारा पत्रेवाला मुलीनंच शोधून काढला. म्हणजे इथंही पाणी मुरतंय, असं मिस्त्रींना वाटलं, पण दुसरा माहीत नव्हता. शुक्रवारी सकाळी माप घ्यायला येतो म्हणाला.

गुरुवारी सकाळी शेजारच्या शिवणकाकू दाराशी आल्या. त्या कपडे शिवत आणि टाचण्या ओठांत धरत, त्यामुळे त्यांची प्रत्येक बातमी दात न उघडता यायची, आणि म्हणूनच फार गुप्त वाटायची.

"मिश्त्रीभाऊ, तो पत्रेवाला तुम्हीच बोलावलाय न्हा?"

"का हो वहिनी?"

"न्हाई, काल शमोरच्या फर्निचरवाल्याकडे गेला होता. चांगला अर्धा ताश. दोघं दारात उभे. तुमच्याकडे बोट करून बोलत होते." एक टाचणी काढून त्यांनी कॉलरला टोचली. "मला काय कराय्चंय. दिशलं म्हणून शांगितलं."

झालं. समोरचा फर्निचरवाला म्हणजे मिस्त्रींचा चौदा वर्षांचा शेजारी आणि तितक्याच वर्षांचा शत्रू. त्याच्याकडे सहा माणसं, मोठी जागा, आणि तरी माणसं फळ्या घेऊन एकमेकांच्या पायात यायची. का? कारण त्याला मशीनं मांडता येत नव्हती. मिस्त्रींची खरी विद्या ती होती. त्यांच्याकडे फळी पुढच्या दारानं यायची, रंध्यातून करवतीवर, तिथून पट्टीकरवतीवर, मग घासायला, आणि मागच्या दारानं दरवाजा होऊन बाहेर पडायची. वाटेत एकदाही वळायची नाही. ही मांडणी बसवायला त्यांना दोन वर्षं लागली होती. आणि आता एक पत्रेवाला येणार, टेप लावून ती सगळी वहीत उतरवणार, आणि रस्ता ओलांडणार!

"अगं," त्यांनी बायकोला हाक मारली, "पहार कुठंय?"

मग त्या दोघांनी कारखान्याची पुढची मागची दारं लावून जे केलं, ते पाहायला कुणी नव्हतं हे बरं झालं. बोल्ट सोडले. मशीनखाली पहार घालून उचकटायचं, नळीचे तुकडे सरकवायचे, आणि ढकलायचं. मिस्त्री ढकलत, बायको नळ्या उचलून पुढे ठेवी.

"अहो, पण सांगाल का कशासाठी?"

"खोटी मांडणी दाखवायची त्याला."

"आणि तो पाइप बसवणार तो कुठल्या मांडणीला?"

मिस्त्री थांबले. प्रश्न चांगला होता. चांगले प्रश्न त्यांना नेहमीच संशयास्पद वाटत. "तुला कुणी शिकवलं असं विचारायला?" ते म्हणाले आणि पुन्हा ढकलू लागले.

चार तासांत करवत मागच्या कोपऱ्यात गेली, रंधा खिडकीखाली, घासायचं मशीन पुढच्या दारात आणि पट्टीकरवत मधोमध, बिचारी चौकात हरवलेल्या पाहुणीसारखी. बोल्टांची भोकं मिस्त्रींनी भुसा आणि डिंक कालवून बुजवली. मग त्यांना दिसलं की मशीनं जिथं चौदा वर्षं उभी होती तिथली फरशी अजून तांबडी आहे आणि बाकीची राखाडी. तेव्हा त्यांनी पोतंभर भुसा आणून सगळीकडे सारखा पसरला. बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "धूळ काढायला माणूस बोलावलाय," ती म्हणाली, "आणि त्याच्यासाठी तुम्ही धूळ घालताय."

शुक्रवारी पत्रेवाला आला. हडकुळा, लांब हातांचा, आणि बोलण्यात भयंकर चिक्कू. कुठल्याही वाक्याला तो एक "हं" द्यायचा. पण त्या "हं" मध्ये फरक असत. वर जाणारा "हं?", खाली बसणारा "हं.", आणि एक मधलाच लांबलेला "हंऽऽ", जो ऐकून माणसाला आपण काहीतरी कबूल करून बसलोय असं वाटावं.

"मशीनं इथंच असतात?" त्यानं विचारलं.

"इथंच. चौदा वर्षं."

"हंऽऽ."

तो खोलीभर फिरला. पायानं भुसा जरा बाजूला सारला, पुन्हा सारखा केला. करवतीपाशी जाऊन तिच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत हात घालून बघितला. मग रिकाम्या जागी, खोलीच्या मध्यावर, उकिडवा बसला आणि फरशीवरून तळहात फिरवत राहिला, जसं काही कुणाच्या पाठीवरून फिरवतोय.

"काय पडलंय का तुमचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"हं," तो म्हणाला. खाली बसणारा.

मग त्यानं पिशवीतून रबरी नळीचे सारख्या लांबीचे दोन तुकडे काढले. एक सरळ धरला, समोर मूठभर ढलप्या ठेवल्या. "फुंका." मिस्त्रींनी आधी नळीचं तोंड पुसलं, मग फुंकलं. ढलप्या भुर्रकन उडाल्या. दुसरा तुकडा त्यानं तीन ठिकाणी काटकोनात मुडपून धरला. "फुंका." मिस्त्रींचे गाल फुगले, डोळे बाहेर आले, ढलप्यांनी नुसती मान हलवली.

"यात बोळा घातलाय तुम्ही," मिस्त्री म्हणाले.

पत्रेवाल्यानं नळी सरळ करून त्यांच्या हातात दिली. मिस्त्रींनी ती डोळ्याला लावली; पलीकडे पत्रेवाल्याचा डोळा दिसला. त्यांनी नळ्यांची अदलाबदल करून पुन्हा फुंकलं. मग तिसऱ्यांदा. तिन्हीदा तेच.

"वारा वळणाला कंटाळतो," पत्रेवाला म्हणाला. हे त्याचं त्या दिवसातलं सगळ्यात लांब भाषण असेल असं वाटलं, पण त्याला वेग आला होता. "मुख्य पाइप एका रेषेत, जाड. पंखा परसात. ढलप्या ज्या मशीनच्या जास्त ते पंख्याच्या जवळ असलेलं बरं, पण तुमचं मशीन मी हलवणार नाही, तेवढा पंखा मोठा घेऊ. प्रत्येक फांदी तिरपी जोडायची, काटकोनात नाही. प्रत्येकीला झडप. जे मशीन चालू त्याचीच झडप उघडी. आणि घासायच्या मशीनला दोन तोंडं, वर एक, खाली एक. दिसते ती धूळ घशात अडकते. दिसत नाही ती आत जाऊन बसते."

शेवटचं वाक्य बोलताना त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मिस्त्रींना मुलगी आठवली आणि ते दोन क्षण संशय घ्यायचे विसरले.

तेवढ्यात पत्रेवाल्यानं वही काढली आणि लिहायला लागला, एका हाताचा आडोसा धरून. परीक्षेत शेजारच्यानं बघू नये म्हणून धरतात तसा.

"दाखवा की नकाशा," मिस्त्री म्हणाले.

"पाइप आल्यावर दिसेल."

"माझ्या कारखान्याचा नकाशा, आणि मलाच दाखवायचा नाही?"

"मागं एकाला दाखवला. त्यानं दुसऱ्याकडून बनवून घेतला." वही खिशात गेली. खिशाला बटण होतं. बटण लागलं. "पुढच्या रविवारी येतो."

मिस्त्री खिडकीतून पाहत राहिले. पत्रेवाला रस्त्यावर आला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि समोरच्या फर्निचरवाल्याच्या दारावरून सरळ निघून गेला. तिकडे ढुंकूनही न बघता. "बघ," मिस्त्री बायकोला म्हणाले, "ओळख दाखवत नाहीयेत!"

त्याच संध्याकाळी मशीनं पुन्हा मूळ जागी आली.

पुढचे चार दिवस त्यांनी एकट्यानं काम केलं. काम कसलं, एका खिडकीची चौकट. एक टोक शिकंज्यात अडकवायचं, दुसऱ्या टोकाला धावायचं, पिवळा, निळा, फूटपट्टी, पुन्हा पहिल्या टोकाला. चार दिवसांत चौकट झाली, आणि ती बघून मिस्त्रींना पहिल्यांदा असं वाटलं की माप बरोबर आहे पण चौकट बरोबर नाही. बुधवारी संध्याकाळी मुलगी कारखान्यासमोर आली. पायरी चढली नाही, रस्त्यावरच उभी राहिली. नाकाला रुमाल.

"बाबा, रविवारी पाइप बसतोय ना? सोमवारी सहा आठवडे होतात. ऑफिसवाल्यांना काहीतरी सांगायला हवं."

"बसतोय, बसतोय."

"मापं नीट दिलीस ना त्याला?"

"म्हणजे काय!"

ती हसली आणि गेली. मिस्त्री दारातच थांबले. कारण खोटी मापं दिली होती. रविवारी पाइप येणार तो खोट्या मांडणीचा. आता पत्रेवाल्याला सांगायचं म्हणजे "मी तुम्हाला चोर समजलो" असं सांगायचं. मुलीला सांगायचं म्हणजे त्याहून वाईट. ती म्हणेल, बाबा, तुला मी यायलाच नको होतं. आणि जाईल. नकाशे काढायला.

त्यांनी रात्रभर, म्हणजे जेवणापासून झोप लागेपर्यंत, विचार केला. गुरुवारी सकाळी बायकोसमोर उभे राहून म्हणाले, "पहार."

"परत? अहो, मी बायको आहे की क्रेन?"

"पाइप खोट्या मांडणीचा येतोय. आपणच खोट्या मांडणीला जाऊ. फळीला तीन वळणं घ्यावी लागतील. घेईल. पोरगी येईल ना."

चौदा वर्षांची मांडणी हा माणूस मोडायला निघाला होता, तोही कुणी न सांगता. बायकोनं पदर खोचला. "चला," ती म्हणाली. "पण या वेळी ढकलणार मी, नळ्या तुम्ही उचला."

करवत कोपऱ्यात गेली, रंधा खिडकीखाली, सगळं शुक्रवारसारखं, पिवळ्या आणि निळ्या टेपानं मोजून. आणि आता हलायचं नाव नको म्हणून मिस्त्रींनी फरशीत नवी भोकं पाडली, लांब बोल्ट घातले, वरून सिमेंट ओतलं. करवतीपुढे उभं राहून बघितलं तर पाठ भिंतीला लागत होती. पोट आत ओढून घेतलं. "जमेल," ते म्हणाले.

रविवारी सकाळी पत्रेवाला हातगाडी घेऊन आला. गाडीवर चमकते पाइप, जाड, मग कमी जाड, मग बारीक, तिरप्या फांद्या जोडलेले. कारखान्यात शिरताना त्यानं मशीनांकडे एक नजर टाकली, म्हणाला, "हंऽऽ," आणि शिडी लावली. मिस्त्रींना तो "हंऽऽ" आवडला नाही. पण माणूस कामाला चोख. ठोक, पीळ, रिव्हेट, टक. अकरापर्यंत मुख्य पाइप छताखालून एका रेषेत पुढच्या दारापासून परसापर्यंत गेला. मग फांद्या. पहिली फांदी खाली आली. खाली काहीच नव्हतं. दुसरी खाली आली, तिच्याखालीही मोकळी फरशी. तिसरी पट्टीकरवतीपासून दोन हात लांब लटकली. चौथी, दोन तोंडांची, मागच्या दाराजवळ हवेत आ वासून उभी.

मिस्त्रींनी पिवळा टेप काढला. निळा काढला. मग दोन्ही खिशात ठेवले.

"हे कुठं बसवताय?" त्यांचा आवाज करवतीच्या पट्टीत गेला. "मशीनं तिकडं आहेत!"

"मशीनं तिकडं का आहेत?" शिडीवरून पत्रेवाला म्हणाला. "शुक्रवारी तुम्ही ती हलवून ठेवली होती ना?"

"कोण म्हणतं?"

"फरशी म्हणते." तो खाली उतरला. "भुशाखाली चार तांबडे चौकोन होते. भोकांत ओला डिंक होता. करवत कोपऱ्यात होती, तिच्यापुढे उभं राहायला माणूस भिंतीत चिणलेला असायला हवा. आणि हे." तो मध्यावरच्या मोकळ्या जागेत उकिडवा बसला, तसाच, आणि तळहात ठेवला. "इथं खड्डा आहे. दोन खड्डे. समोरासमोर. दोन माणसं वर्षानुवर्षं इथं उभी राहिलीत. मला वाटलं, म्हातारा परीक्षा घेतोय. पत्रेवाल्याला कळतं का बघतोय. म्हटलं, दाखवू की. खऱ्या जागांची मापं पायानं आणि हातानं घेतली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

दोघं एकमेकांकडे असे बघत राहिले, जसा काही मधे आरसा ठेवलाय.

"आणि समोर गेला होतात ते?" मिस्त्रींनी शेवटचा हुकमी प्रश्न टाकला. "अर्धा तास? माझ्याकडे बोट करून?"

"गेलो होतो. तुमची चौकशी करायला. नवं गिऱ्हाईक घ्यायच्या आधी मी करतोच. विचारलं, हा दोनटेपे खरंच प्रत्येक माप दोनदा घेतो का?"

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, छे, तीनदा."

दारातून हसू आलं. मुलगी रस्त्यावर उभी होती, कधी आली होती कोण जाणे, शेजारी तिची आई, आणि मागे टाचण्यांसह शिवणकाकू. लटकलेल्या चार फांद्या, कोपऱ्यात सिमेंटात गाडलेली करवत, मधे उभे दोन शहाणे. सगळं तिनं एका नजरेत पाहिलं होतं. "अरे बाबा!" ती म्हणाली, "तू मशीनं... दोनदा...?" आणि हसत सुटली. हसता हसता रुमाल तोंडावर गेला. मग खोकला आला. तो थांबेना. ती वाकली, चौकटीला धरलं, आईनं पाठीवर हात ठेवला. आतून, खोल कुठूनतरी, कोरडं लाकूड चिरताना येतो तसा आवाज येत होता.

मिस्त्री लाकडाचे आवाज ओळखायचे. कुठली फळी खरी कोरडी आणि कुठली वरून वाळवलेली, हे ते ठोकून सांगायचे. हा आवाज त्यांनी सहा आठवडे दाराआडून ऐकला होता, चोरून, पाळतीवर, आणि एकदाही नीट ऐकला नव्हता. त्यांच्या कानशिलापर्यंत शरम आली. सगळ्या जगाची मापं दोनदा घेतली आणि जिचं कधी पुन्हा मोजलं नव्हतं, नेमका तिचाच खोकला मोजत बसलो.

"पाइप बदलू, की मशीनं हलवताय?" पत्रेवाल्यानं हळू आवाजात विचारलं. "मी दोन्हीला तयार आहे."

"मशीनं," मिस्त्री म्हणाले. "अगं..."

"पहार आणलीये," बायको म्हणाली.

सिमेंट फोडायला दुपार लागली. पत्रेवाला पाइप सोडून ढकलायला आला. मुलीला आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ती रस्त्यावर स्टूल टाकून बसली आणि तिथून हुकूम सोडू लागली: "डावीकडे! अजून! बाबा, तुझं डावं, माझं नाही! बस, दोन सूत मागे!" शिवणकाकूंनी तोंडातल्या सगळ्या टाचण्या काढून ठेवल्या आणि तिच्याच आवाजात, अर्ध्या क्षणाच्या अंतरानं, तेच हुकूम पुन्हा द्यायला सुरुवात केली. टाचण्यांशिवाय त्यांचा आवाज केवढा मोठा आहे ते गल्लीला त्या दिवशी कळलं. समोरचा फर्निचरवाला दारात येऊन उभा राहिला. त्याला सगळी मांडणी आरपार दिसत होती. मिस्त्रींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, दार लावावं का असा विचार केला, आणि मग मुलीचा हुकूम आला म्हणून रंधा ढकलायला वाकले.

प्रत्येक मशीन आपापल्या तांबड्या चौकोनावर बसलं. प्रत्येक फांदीचं तोंड मशीनच्या तोंडाशी असं भिडलं की मधे नखही जाईना. मिस्त्रींनी नख घालून पाहिलंच.

सोमवारी पंखा सुरू झाला. घूंऽऽऽ, परसातून. मिस्त्रींनी करवतीची झडप उघडली, चिमूटभर भुसा हवेत सोडला. तो त्यांच्या बोटांतून सटकन पाइपात गेला. त्यांनी एक जुनी फळी चिरली. खिडकीतून ऊन येत होतं, पण तुळई कुठं दिसेना. फरशीवर नुसता उजेडाचा चौकोन.

"काहीच दिसत नाही," मिस्त्री म्हणाले. "गेली कुठं?"

परसात जाऊन पंख्याखालची पिशवी चाचपून आले. भरत होती. पत्रेवाला दाराशी उभा होता; काम कसं चालतंय ते बघायला आलो, म्हणाला, पण खरं तर पुढं काय होतं ते बघायला आला होता. तोही तसलाच.

मुलगी पायरी चढली. एक पाय आत, मग दुसरा. रुमाल नाकावर, मग हनुवटीवर, मग खिशात. ती जाऊन आपल्या खड्ड्यात उभी राहिली, मिस्त्री त्यांच्या. तिनं बापाच्या उजव्या खिशातून पिवळा टेप काढून घेतला, फळीला लावला.

"बाबा, चार फूट, दोन इंच, एक सूत."

मिस्त्रींनी करवत चालू केली आणि कापलं. पत्रेवाल्याच्या भुवया वर गेल्या. "हिचं मोजत नाही?" तो म्हणाला, पण मशीनच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही, किंवा मिस्त्रींनी तसं दाखवलं.

दुसरी फळी. तिसरी. चौथी निम्मी चिरली असताना मुलीनं घसा खाकरला.

खट. करवत बंद. पंखा घूंऽऽ करत उतरत गेला आणि थांबला. मिस्त्री तिच्याकडे बघत होते.

"काय?"

"काही नाही, बाबा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला ते म्हटलं, जे ते बाकी सगळ्या जगाला म्हणायचे.

"पुन्हा सांग."

तिनं एक लांब, भरपूर श्वास घेतला, आत, अगदी खालपर्यंत, आणि सावकाश सोडला. नुसती हवा आली.

"काही नाही," ती म्हणाली. "झालं दोनदा. आता काप, आणि त्या ऑफिसवाल्यांना फोन करायचाय मला, नाही येत म्हणून."

मिस्त्रींनी झडप तपासली, पाइपावर हात ठेवून बघितला, आणि करवत चालू केली.